घरपट्टीत एक ओळ वाढवा

जुनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर शोधणाऱ्या माणसाची एका शिक्क्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. मुखपृष्ठ उलटलं की तो दिसतो : ‘मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. स्थळप्रत.’ म्हणजे घरी न देता तिथेच ठेवायची प्रत. खाली अनुक्रम, क्रमांक, नोंदीची तारीख यांसाठी सोडलेल्या जागा आणि त्यांत कुणीतरी शाईने घातलेले आकडे. काही ठिकाणी शाई पसरली आहे, काही ठिकाणी आकडा खोडून वर नवा लिहिला आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात ही पुस्तकं स्कॅन झाली आणि ठाण्याच्या कपाटांतून थेट जगाच्या पाठीवर गेली. आज न्यू जर्सीतली एखादी विद्यार्थिनी एकोणिसाव्या शतकातली मराठी कादंबरी फुकट उतरवून घेते, तेव्हा तिला आधी तो शिक्का दिसतो आणि मग कादंबरी.

मी एका तालुक्याच्या गावी, सरकारी वर्गवारीतल्या ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात काम केलं. उमेदीची सगळी वर्षं देवघेवीच्या टेबलामागे गेली. त्यामुळे तो शिक्का पाहिला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, की हे आकडे कुणी घातले, आणि त्याला महिना काय मिळत होतं?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात १ जून १८९३ या तारखेपाशी होते. त्या दिवशी ठाण्यात हे ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. त्यामागचा मुख्य माणूस विनायक लक्ष्मण भावे, तेव्हा वय वर्षे एकवीस. त्याच साली टिळकांनी गणपती सार्वजनिक केला, म्हणून १८९३ हे वर्ष आपल्याला पाठ असतं. ठाण्यातली ही गोष्ट मात्र ठाण्यातल्या लोकांनाही सांगावी लागते. भाव्यांचं शिक्षण विज्ञानाचं, पुढे व्यवसाय मिठागराचा. साहित्याशी पोटापाण्याचा काही संबंध नाही. पण मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका छपराखाली असलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

वाचनालयं तोवर नव्हती असं नाही. रत्नागिरीत १८२८ साली, नगरला १८३८ साली, नाशकात १८४० साली, पुण्यात १८४८ साली वाचनालयं निघाली होती. गोव्यात तर पोर्तुगीज सरकारने १८३२ सालीच पणजीत ग्रंथालय उघडलं होतं. आपल्याकडच्या या पहिल्या फळीतल्या वाचनालयांना ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणत. गोरा अधिकारी पाठीराखा, चार शिकलेले सरकारी नोकर सभासद, आणि कपाटात बहुतेक इंग्रजी पुस्तकं. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या लायब्रऱ्यांमुळेच जिल्ह्याच्या गावांत वर्तमानपत्र चारचौघांत वाचायची सवय लागली. भाव्यांनी वेगळी गोष्ट केली. त्यांनी इंग्रजी पुस्तक मागणाऱ्या, म्हणजे वर्गणी वेळेवर देऊ शकणाऱ्या सभासदाकडे पाठ फिरवली आणि फक्त मराठी पुस्तकांवर संस्था उभी केली. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता.

त्या वेडेपणातून काय निघालं? भाव्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास १८९८-९९ च्या सुमारास विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकातून येऊ लागला. पुढे त्यांनी तो वाढवला, आणि त्यांच्या मागे शं. गो. तुळपुळ्यांनी त्याला पुरवणी जोडली. पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठीचे प्राध्यापक त्यावर पोसले गेले. हाताशी संग्रह असल्याशिवाय असा इतिहास लिहायला कुणी धजणार नाही, असं माझं मत आहे. ठाण्याच्या पाठोपाठ १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, १९११ साली पुणे मराठी ग्रंथालय. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची १९४४ साली छापली, ती अशा संग्रहांच्या जिवावर. सरकारने मराठीच्या पुस्तकांची मोजदाद करून ठेवावी ही अपेक्षा तेव्हाही कुणी केली नव्हती. ती मोजदाद एका गावच्या, नंतर दुसऱ्या गावच्या खटपटी माणसांनी केली.

इथवर सगळं छान. अशा लेखांत इथे थांबून भाव्यांच्या स्मृतीला वंदन करायची पद्धत आहे. मला पुढचं बोलायचं आहे.

पुस्तक मिळवणं ही हौस असते, ते शंभर वर्षं टिकवणं ही हमाली असते. ठाणे, कल्याण, पनवेल, आमचं गाव, सगळी खाडीच्या दमट हवेतली. जुलै महिन्यात कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि हाताला पुठ्ठा ओलसर लागतो. कसर आधी बांधणीतली खळ खाते, मग कागदाकडे वळते. म्हणून आमचा बांधणीवाला मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा. तो निळसर रंग जुन्या पुस्तकांच्या पाठीच्या आत अजून दिसतो. पुस्तक शिवणीत सुटलं की त्याचे जुज, म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, वेगळे करायचे, पहिल्या आणि शेवटच्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावायची, पुन्हा शिवायचं, वर कापडी पाठ. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’ आणि ‘पानिपत’ या तिघांची अशी बांधणी आमच्याकडे इतक्यांदा झाली, की समासातली जागा संपून शिवण मजकुराला टेकली. शेवटी वाचणाऱ्यांना पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागे.

देवघेवीचं टेबल म्हणजे गावाचा दवाखानाच, कोण कशाने आजारी आहे ते तिथे कळतं. दुपारी तीनच्या सुमारास शाळकरी मुलं आईची चिठ्ठी घेऊन येत : ‘नवीन द्या. मागच्या वेळचं वाचलेलं निघालं. रहस्यकथा नको, ह्यांना चालत नाही.’ चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बहुधा किराण्याची यादी असे. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायला डिसेंबरात रांग लागे, आणि भविष्याचा अंक कुणाकडे अडकला आहे यावरून भांडणं होत. निवृत्त मामलेदार, पोस्टातले साहेब, पतपेढीतल्या बाई, सगळे माझ्याशी एकेरीत बोलत, कारण ‘लायब्ररीतली मुलगी’ हे पद चाळिशीपर्यंत टिकतं. पगार मात्र पदासारखा टिकत नसे. अनुदान आलं की पगार. पहिला हप्ता पावसाळ्यानंतर कधीतरी, दुसरा मार्चअखेरीस. मधल्या महिन्यांत अध्यक्षांनी खिशातून उचल दिली तर दिली. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, यांतलं काही नाही. ही तक्रार एका संस्थेची नाही, म्हणून तिचं नावही घेत नाही. त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले नाहीत, कारण खायला नव्हतेच.

आकडेच सांगते. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांवर, त्यांत काम करणारे वीस हजारांवर. संख्येचा आपण अभिमान बाळगतो. यांतल्या सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ च्या दरांनुसार वर्षाला तीस हजार रुपये मिळत. महिन्याला नव्हे, वर्षाला. दहा वर्षं तोच दर राहिला. २०२२ साली साठ टक्के वाढ जाहीर झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार झाले. त्यातली निम्मी रक्कम पगाराला धरा, तर त्या दराने ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार पडतात. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं, बांधणी आणि गळकं छप्पर.

दुसरीकडे साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान २०२३ साली पन्नास लाखांवरून दोन कोटींवर गेलं. संमेलनाला माझा विरोध नाही. ठाण्यात २०१० साली उत्तम कांबळे अध्यक्ष असलेलं संमेलन भरलं, त्याचं यजमानपद याच ग्रंथसंग्रहालयाने घेतलं होतं, आणि गावाने ते हौसेने साजरं केलं. पण तीन दिवसांच्या मांडवाच्या पैशात २०२२ च्या दराने ‘ड’ वर्गाची चारशेहून अधिक ग्रंथालयं वर्षभर चालतात, हा हिशोब कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणात मी ऐकला नाही.

आता माझी मागणी. घरपट्टीचं बिल काढून बघा. त्यात सर्वसाधारण कर असतो, शिक्षण कर असतो, अग्निशमनाचा असतो, झाडांचाही असतो. ग्रंथालयाची ओळ नसते. ती असावी. रुपयाला तीन पैसे घ्या. सहा हजार रुपये घरपट्टी भरणाऱ्या घराला वर्षाला एकशे ऐंशी रुपये पडतील, महिन्याला पंधरा. तेवढ्यात बऱ्याच ठिकाणी वडापावही येत नाही.

ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३० साली ग्रंथालय कायद्याचा नमुना मसुदा मांडला होता. १९४८ साली मद्रास प्रांताने कायदा केला, त्यात घरपट्टीच्या रुपयामागे अर्ध्या आण्याचा ग्रंथालय कर बसवला. पुढे आंध्र, कर्नाटक, केरळ यांनी आपापल्या पद्धतीने तेच केलं. कर्नाटकात आज हा कर मालमत्ता कराच्या सहा टक्के आहे. गोव्याने तर बहारच केली : तिथल्या १९९३ च्या कायद्यात ग्रंथालय कर दारू आणि बिअरवर आहे. ‘बसलेल्या’ प्रत्येक गोवेकराचा आणि पर्यटकाचा वाचनसंस्कृतीला हातभार लागतो, ही व्यवस्था मला मनापासून आवडते.

आणि आपण? मराठी मुलूख या बाबतीत मागे नव्हता, हेच खुपतं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा तज्ज्ञ बडोद्याला आणला, मध्यवर्ती ग्रंथालय काढलं, खेड्यांत पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. सगळं संस्थानच्या तिजोरीतून. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली झाला तो कोल्हापूर संस्थानात. मद्रासच्याही तीन वर्षं आधी! मुंबई इलाख्यात सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० साली राज्य ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंतची उतरंड आखून दिली होती. इतकी पूर्वतयारी असताना १९६७ साली महाराष्ट्राने आपला कायदा केला, १ मे १९६८ पासून तो अमलात आला, आणि त्यात कर नव्हता. संचालनालय आलं, परिषद आली, वर्गवारी आली, तपासणी आली. पैसा मात्र दरवर्षी अंदाजपत्रकात उरेल त्यातून. महापालिकांच्या कायद्यात तर ग्रंथालय ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत आहे, म्हणजे मनात आलं तर करा.

तेव्हाचा युक्तिवाद मी जुन्या कार्यकर्त्यांकडून ऐकला आहे : महाराष्ट्रात ग्रंथालयं लोकांनी काढली आहेत, ती लोकांचीच राहू द्या, सरकारीकरण नको. त्यात तथ्य आहे. भाव्यांचं ग्रंथसंग्रहालय सरकारी खातं असतं, तर १८९३ सालच्या त्या पुस्तकांची रद्दी कधीच निघाली असती, ‘निर्लेखन’ असा शेरा मारून. परंतु लोकांनी चालवायचं म्हणजे लोकांनी पैसे द्यायचे, हे पुढचं वाक्य आपण गिळलं. त्यामुळे सगळा भार वर्गणीदारांवर आला. वर्गणीदार म्हणजे गावातली शेकडा एखाद-दुसरी माणसं. ती म्हातारी होतात, मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला जातात, आणि वर्गणी वाढवली तर उरलेलीही जातात. वाचणाऱ्यांनी स्थळप्रती सांभाळायच्या आणि न वाचणाऱ्यांच्या नातवंडांनी त्या इंटरनेटवर फुकट घ्यायच्या, असा हा व्यवहार आहे.

माझ्यावर उलटणारे आक्षेपही मला ठाऊक आहेत, कारण ते आमच्याच घरातले आहेत. ‘कागदावरच्या ग्रंथालयांना पैसे द्यायचे का?’ नको द्यायला. २०१२ साली महसूल खात्याने राज्यभर पडताळणी केली, तेव्हा बरंच उघड्यावर आलं आणि नव्या ग्रंथालयांची मान्यता थांबली. तपासणीच्या आदल्या रात्री टेम्पोतून पुस्तकं आणायची आणि साहेब गेले की परत पाठवायची, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकच ‘श्यामची आई’ तीन गावांच्या नोंदवह्यांत असायची, तिन्हीकडे वेगळा दाखल क्रमांक. पण हे होतं कारण साहेब वर्षातून एकदा येतात आणि गावाला पत्ता नसतो. बिलात एकशे ऐंशी रुपये छापून आले की सोसायटीचा सेक्रेटरी स्वतः विचारायला जाईल, आमचे पैसे जातात ते वाचनालय उघडं असतं का? पाण्याच्या दाबाबद्दल विचारतो तसं. त्या चौकशीला कुठल्याही अधिकाऱ्याच्या भेटीपेक्षा मी जास्त घाबरले असते.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. कर्नाटकात कर गोळा होतो, पण पालिका तो ग्रंथालय खात्याला वेळेवर देत नाहीत. एकट्या बंगळुरूच्या पालिकेकडची थकबाकी कोट्यवधींवर गेली होती. हे खरं आहे, आणि आपल्या पालिका काही वेगळ्या वागणार नाहीत. म्हणून कर पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात पडताच कामा नये. भरणा झाला की ती रक्कम जिल्ह्याच्या ग्रंथालय निधीत वळली पाहिजे, आणि तिच्यातून आधी ग्रंथपालाचा पगार, मग पुस्तकं, आणि इमारतीला शेवटी. हा क्रम कायद्यात लिहा. नाहीतर सगळ्या पैशांच्या कमानी उभ्या राहतील, वर आमदारांचं नाव आणि आत कुलूप.

‘आता कोण वाचतं?’ या तिसऱ्या आक्षेपाला मी फार वेळ देत नाही. संध्याकाळी कुठल्याही तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसायला खुर्ची मिळते का पाहा. स्पर्धा परीक्षेची मुलं जिन्यावर बसलेली असतात. ती कादंबऱ्या वाचत नाहीत, मान्य. पण त्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, आणि गावात पंखा, दिवा आणि शांतता देणारी ती एकच जागा आहे. त्यांच्या घरचेही घरपट्टी भरतातच.

करायचं एवढंच, की १९६७ च्या कायद्यात दुरुस्ती हवी आणि ती विधिमंडळातच होईल. कुठली पालिका मनाने असा कर लावू शकत नाही, त्यामुळे नगरसेवकांना दोष देऊन उपयोग नाही. तरी मी विचारलं. प्रचाराला दारात आलेल्या एका उमेदवाराला सगळं समजावून सांगितलं, बिल दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “काकू, कराचं बोलायला नको, मतं जातात. पण निवडून आलो की तुमच्या लायब्ररीला हजार पुस्तकं भेट देतो, शब्द आहे.”

पुस्तकं देणाऱ्यांची आम्हाला कधीच टंचाई नव्हती. घर बदलताना, आजोबा गेल्यावर, पाडव्याच्या साफसफाईला लोक पोती आणून टाकतात : जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, पहिला खंड हरवलेले विश्वकोश, कंपनीच्या डायऱ्या. त्याला म्हटलं, पुस्तकं नकोत, ती नोंदवणारी बाई दे. तो हसला, नमस्कार केला आणि समोरच्या ब्लॉकची बेल वाजवली.